वाघाच्या जागी सागवान

सासुरवाडीत माझी ओळख पुष्कळ वर्षं नुसती ‘मास्तर’ एवढीच होती. भूगोल शिकवणारा, बारीक आवाजाचा, दुसऱ्यांदा भात घ्यावा की नाही याचा वाढणारी थकेपर्यंत विचार करणारा जावई. माझ्या साळ्याच्या बैलजोडीला गावात माझ्यापेक्षा जास्त लोक ओळखत, आणि त्यात बैलजोडीची काही चूक नव्हती. मग एका दुपारी चंद्रपूर-मूल रस्त्यावर मी वाघाच्या इतक्या जवळून गाडी नेली, की खिडकीतून हात काढला असता तर त्याच्या पाठीला लागला असता, आणि मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी शूर झालो. हे शौर्य माझ्यात नेमकं कुठून आलं, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. कळल्यावर ते परत करायला गेलो, तर कोणी घेईना.

झालं असं. साळ्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं चंद्रपुरात, आम्ही राहतो तिथेच. मुलगी चंद्रपुरातच नोकरी करते, मुलगा अहेरीचा. कार्यक्रम आटोपला आणि सासरच्या मंडळींना मूलजवळच्या त्यांच्या गावी सोडायला मी माझी गाडी काढली. शेजारी बायको, मागे साळा, वहिनी म्हणजे साळ्याची बायको, आणि दोघांच्या मधोमध सासूबाई. आमच्याकडे अशा कार्यात जावयाला बसवून दुपट्टा आणि टोपी देतात. त्या दिवशी गर्दीत माझा दुपट्टा राहून गेला होता. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. म्हणजे थोडं वाटलं होतं. पण मी तसा बोलून दाखवणाऱ्यातला नाही, त्यामुळे मी दुपट्ट्याबद्दल अवाक्षर न काढता जेवणातल्या वांग्याच्या भाजीबद्दल बोलत होतो. भाजीत तेल किती होतं, तिखट कसं कमी होतं, वांगी चंद्रपूरच्या बाजारातली असावीत की बाहेरची, असं बरंच काही.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की गाडीतलं सगळं बोलणं थांबलेलं आहे. साळा एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. वहिनींना माझ्या बोलण्यात जांभई येते. आणि आता पाचही जणांत मी एकटाच बोलतो आहे, बाकीचे श्वास रोखून ऐकत आहेत. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, आपल्या बोलण्याला धार आली. मी उत्साहानं वांग्यांवरून भरताकडे वळलो.

पुढे एका चहाच्या टपरीवर साळा म्हणाला, "भाऊजी, थांबवा." मी थांबवली. तो खाली उतरला, गाडीला वळसा घालून माझ्या दारापाशी आला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. माझा साळा माझ्याच वयाचा आहे आणि वाकणाऱ्यातला नाही. मग वहिनीही वाकल्या. सासूबाईंनी आतूनच माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

मी म्हटलं, "काय झालं? भाजी एवढी वाईट नव्हती."

"भाऊजी," साळा म्हणाला, "तुमी माणूस नाई."

त्यानं फोनवर फोटो दाखवला. हात हलल्यामुळे जरा पुसट होता, पण त्यात माझा कान होता, अर्धा गाल होता, बोलायला उघडलेलं तोंड होतं, आणि खिडकीच्या काचेपलीकडे, कानाच्या रेषेतच, वाघाचं तोंड होतं. झुडपातून निघून रस्त्याच्या कडेला उभा. तो माझ्याकडे पाहत होता. मी समोर पाहत होतो.

मी बायकोकडे पाहिलं. ती अजून दोन्ही हातांनी पर्स धरून बसली होती. म्हणाली, "तुमी भरताचं बोलत होते."

मी वाघ पाहिलाच नव्हता. पण एवढा मोठा प्राणी एवढ्या जवळ असून दिसला नाही, हे माझं मलाच खरं वाटेना. मी मनाशी ठरवलं, की मी तो पाहिला असणार, पण भाजीच्या नादात लक्ष दिलं नसणार. मी चहा मागवला. तो चहा मी ज्या शांतपणानं प्यायलो, त्याचीही पुढे गोष्ट झाली.

आमच्या भागात वाघ ही काही नवलाची गोष्ट नाही. शेतात जाणारा माणूस, मोहफुलं वेचायला निघालेली बाई, सगळे त्याचा हिशेब मनात ठेवूनच घराबाहेर पडतात. जंगलाच्या रस्त्यानं जायचं तर लोक दुसऱ्या गाडीची वाट पाहतात आणि मग जोडीनं निघतात. तेव्हा वाघाला भाव न देणारा माणूस घरातच निघाला म्हटल्यावर साळ्यानं ती गोष्ट गावभर नेली. प्रत्येक पानठेल्यावर ती थोडी वाढली. शेवटी शेवटी तर मी वाघाला ‘सरक बाजूले’ म्हटलं होतं, असं मलाच कोणीतरी सांगितलं.

मग बोलावणी सुरू झाली. मार्कंड्याच्या यात्रेला जायचंय, मास्तरले सांगा. अहेरीच्या बाजारातून यायला संध्याकाळ होणार आहे, मास्तरले घ्या. मी जायचो. मला आवडायला लागलं होतं. गाडीत बसताना लोक मला आधी बसू देत. जेवताना माझ्या पानात न विचारता भात पडे. पन्नाशीत माणसाला एवढं पुरतं.

पण माझ्या साळ्याचा स्वभाव असा, की कुठलीही चांगली गोष्ट तो नुसती सांगत नाही, त्याचं शास्त्र करतो. माझ्या शेजारी बसून त्यानं माझ्या गाडी चालवण्याचा अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला.

"सारी गोष्ट नजरेची हाय," तो पानठेल्यावर चारचौघांना सांगे. "भाऊजीची नजर पाहा तुमी. नाकासमोर. इकडे नाई, तिकडे नाई. वाघाचं कसं राह्यते, तुमी त्याच्याकडे पाह्यलं का तो तुमच्याकडे पाह्यते. तुमी पाह्यलंच नाई, तं तो बिचारा काय करन?"

"आन् आरशात?" कोणी विचारे.

"आरशात तं बिलकुल नाई. मागचा वाघ मागं राह्यला."

आमच्या घराण्यातल्या सगळ्या गाड्या या शास्त्रानुसार चालू लागल्या. साळ्याच्या चुलतभावानं पिकअप सरळ रस्त्यावर वाळत घातलेल्या धानातून नेली आणि धानवाली मागून ओरडत धावली तरी मागं पाहिलं नाही, कारण मागं पाहायचंच नव्हतं. दुसऱ्या एकानं दोरीवर वाळत घातलेलं लुगडं गाडीला लपेटून थेट पंचायतीपर्यंत नेलं. खुद्द साळा मोटरसायकलवरून मूलच्या स्टँडवर वहिनींना घ्यायला गेला, त्यांच्यासमोरून सरळ निघून गेला, घरी पोहोचला आणि सासूबाईंना विचारू लागला, "हे कुठी राह्यली?" वहिनी ऑटोनं आल्या. त्यानंतर त्या घरात काही दिवस भाजीत मीठ नसायचं.

मी हे सगळं हसून ऐकत होतो. मला वाटायचं, नुसती नक्कल करून काय होणार, अंगात असावं लागतं.

माझ्या स्वतःच्या घरी मात्र वेगळंच चाललं होतं. जेवताना ताटाशेजारचा पाण्याचा पेला मी रोज सांडायचो. कपाटाच्या उघड्या दाराला कपाळ लागायचं, आणि मी दारालाच बोलायचो. शाळेत भिंतीकडच्या बाकांवर बसायला मुलांची चढाओढ लागे. मी समजत होतो, त्या बाजूनं वारा येतो. नंतर एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं, की तिथे बसून ती माझ्या तासाला डबा खात.

बायको माझ्या बाजूला उभी राहून काही दाखवी, मी पाहायचो नाही. ती चिडली. मग तिनं अबोला धरला. अबोला धरून माझ्या डाव्या हाताला बसून राहायची, आणि ती तिथे बसली आहे हेच मला कळत नसे, त्यामुळे अबोल्याचा काही उपयोग होईना. शेवटी तिनंच तो मोडला.

"उद्या डोळ्याच्या दवाखान्यात चला. तुमाले चष्मा लागला."

दवाखान्यात समोरच्या पाटीवरची अगदी खालची ओळसुद्धा मी धाडधाड वाचली. मी बायकोकडे विजयानं पाहिलं. पण डॉक्टरबाईंनी डोळ्यात दिवा घालून बराच वेळ पाहिलं आणि मला एका काळोख्या खोलीत पाठवलं. तिथे एक मोठी पांढरी वाटी आडवी ठेवावी तसं यंत्र होतं. हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे पाहत राहायचं, आणि आजूबाजूला कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. तिथली मुलगी म्हणाली, "सर, नजर हलवायची नाही." मी मनात म्हटलं, बाई, हे तू कोणाला सांगतेस.

मी अजिबात नजर हलवली नाही. अधूनमधून एखादा ठिपका चमकायचा, मी बटण दाबायचो. बराच वेळ काहीच चमकत नसे, तेव्हा मला वाटे, यंत्र जुनं असावं. मुलगी म्हणाली, "छान, नजर एकदम स्थिर आहे." मी बाहेर येऊन बायकोला सांगितलं, की पहिला नंबर आला असणार.

डॉक्टरबाईंनी कागद आमच्यासमोर ठेवला. दोन डोळ्यांचे दोन गोल. दोन्ही गोलांत मधे थोडी पांढरी जागा आणि भोवती सगळं काळं. बंद दाराच्या भोकातून बाहेर पाहावं तसं.

"हा काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यातल्या दाबानं आतली नस हळूहळू सुकते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. कडेचं दिसणं आधी जातं, मधलं शेवटपर्यंत चांगलं राहतं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायचं. थेंब रोज टाकायचे, एकही दिवस चुकवायचा नाही."

मी म्हटलं, "पण मला काळं कुठेच दिसत नाही."

"दिसणार नाही. जिथे दिसत नाही तिथे मेंदू आपल्या मनानं भरून टाकतो. आजूबाजूला जे असेल तेच तिथेही आहे असं दाखवतो. रस्त्याच्या कडेला जंगल असलं तर तो रिकाम्या जागी झाडं लावतो."

बायकोनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे चंद्रपूर-मूल रस्त्यावर माझ्या मेंदूनं वाघ पुसून त्या जागी सागवान लावलं होतं.

"गाडी चालवता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चालवते म्हंजे?" बायको म्हणाली. "वाघाजवळून नेली."

डॉक्टरबाईंचं लिहिणं थांबलं. "गाडी चालवताना कुठे पाहता तुम्ही?"

"समोर."

"फक्त समोर?"

"रस्ता समोरच असतो ना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कडेचं दिसत नसलेल्या माणसानं उलट जास्त मान फिरवायला पाहिजे. आरसे, डावं, उजवं, पुन्हा डावं. पण बरेच जण तसं करत नाहीत. जिथे स्वच्छ दिसतं तिथेच त्यांची नजर बसून राहते. तुमचं तर आता मान फिरवूनही भागणार नाही, इतकं गेलंय. आजपासून किल्ली दुसऱ्याकडे. बाजूनं येणारा माणूस तुम्हाला दिसणार नाही. तो गाडीखाली आल्यावर कळेल."

घरी येताना बायकोनं ऑटो केला. आमची गाडी दोन दिवस दवाखान्यासमोर उभी होती. आणि साळ्याच्या मुलीचं लग्न पुढच्याच आठवड्यात होतं. अहेरीला. नवरी माझ्या गाडीतून जाणार आणि गाडी मी चालवणार, हे महिनाभर आधी ठरलेलं होतं.

बायकोनं भावाला फोन लावला. "दादा, यायले काचबिंदू झाला. बाजूचं काईच दिसत नाई. हे गाडी नाई चालवत."

पलीकडून साळा हळू आवाजात म्हणाला, "दुपट्ट्याचं मनात धरलं का भाऊजीनं?"

फोन मी घेतला. म्हटलं, "तसं काही नाही हो. मला खरंच दिसत नाही. वाघसुद्धा दिसला नव्हता."

"आता तुमी आमाले लाजवून राह्यले," साळा म्हणाला. "चुकलं आमचं. मी पाह्यतो."

आमच्याकडे लग्नात जावई रुसतो. ती रीतच आहे. जावई ‘मी येत नाही’ म्हणतो, डोकं दुखतं म्हणतो, पोटात कळ आली म्हणतो, आणि मंडळी समजून जातात. मग त्याला मनवायचं. माझ्या सख्ख्या साडभाऊंनी, म्हणजे मेहुणीच्या नवऱ्यानं, एका लग्नात घड्याळासाठी दुपारपर्यंत कान बंद झाल्याचं सांगितलं होतं. अशा घरात मी काचबिंदूचं नाव घेतलं. आजाराचं नाव नवीन होतं, पण जावई जुनाच होता.

लग्नाच्या सकाळी आम्ही बसनं गावी पोहोचलो तेव्हा अंगणात मांडवाखाली सगळ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. माझी गाडी साळ्यानं आदल्या दिवशीच चंद्रपुरातून आणवून झेंडूनं सजवली होती. मागे पिकअप, त्यामागे वऱ्हाडाच्या दोन गाड्या. सगळ्या चालकांनी एकमतानं सांगितलं होतं, की मास्तर पुढं असतील तरच आलापल्लीच्या जंगलातून गाडी नेऊ.

मी साळ्याला बाजूला घेऊन दवाखान्याचा कागद दाखवला. त्यानं तो उलटा-सुलटा पाहिला. "हे तं ग्रहण लागल्यावानी दिसते," म्हणाला, आणि खिशात ठेवून दिला. मग चार जणांसमोर माझी परीक्षा झाली.

"भाऊजी, हे किती बोटं?" साळ्यानं माझ्या नाकासमोर हात धरला.

"तीन."

"आन् हे?"

"दोन. पण समोर नको. बाजूला धरा."

त्यानं हात बाजूला नेला. मी आपोआप तिकडे मान वळवली. "चार," मी म्हटलं.

"बरोबर हाय का नाई?" साळा लोकांना म्हणाला. "भाऊजी, आता बस करा. पोरीचं लगन हाय."

त्यानं माझ्या हातात किल्ली ठेवली. सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं. मला आजवर कोणी एवढं पाहिलेलं नाही. आणि किल्ली हातात आली की हात आपलं ओळखीचं काम करतात. मी दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे बसलो. एवढा चाळीस-पन्नास कोसांचा रस्ता, आपला नेहमीचा, हळू नेली तर काय होईल, असंही मनात आलं. हे मनात आलं तेव्हा मागच्या सीटवर अजून कोणी बसलेलं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

बायकोनं मांडवातली एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, गाडीच्या बंपरसमोर ठेवली आणि तिच्यावर बसली. तोंड माझ्याकडे.

"इथी बसली मी," काचेतून ती म्हणाली. "समोरच हाव. मी तरी दिसतो ना?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बाईबी रुसल्या." आत धावपळ सुरू झाली.

मी दार उघडं ठेवून, स्टिअरिंग धरून, समोर बायकोकडे पाहत बसलो. ती माझ्याकडे पाहत होती. मी आतूनच तिला म्हटलं, "मी उतरतो. पण हे लोक ऐकत नाहीत. मी खरं बोलतो तर रुसलो म्हणतात. आणि रुसलो म्हणतात तर निदान कोणी चहा तरी विचारावा. सकाळपासून माझ्याकडे साधं फिरकलं नाही कोणी."

बायकोच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र झालं. ती माझ्याकडे नाही, माझ्या उजव्या खांद्यापलीकडे पाहत होती.

मी बोलतच राहिलो. दुपट्ट्याचंही बोललो. म्हटलं, मला दुपट्टा नको, टोपी नको, पण एवढ्या वर्षांत या घरानं मला एकदा तरी विचारलं का, की मास्तर, तुमचं कसं चाललंय.

अंगण गप्प होतं. त्या दिवशी गाडीत होतं तसंच. साळ्याचा आवाज आला, अगदी दबका, "पाहा, माय कवाची ताट धरून उभी हाय, हे पाहूनसुद्धा नाई राह्यले. किती राग धरला."

मग माझ्या नजरेच्या उजव्या कडेतून, कुठूनही नाही अशा जागेतून, एक नारळ निघाला. आधी शेंडी, मग नारळ, मग तो धरलेला सुरकुतलेला हात. मी दचकून मागे सरलो.

"अरे, हा कुठून आला?"

सासूबाई माझ्या उघड्या दारात उभ्या होत्या. एका हातात ताट, ताटात दुपट्टा, टोपी, चहाचा कप, आणि चहावर साय आलेली. म्हणजे बराच वेळ. त्यांनी नारळ परत मागे नेला, माझ्या कानाकडे. नारळ नाहीसा झाला. पुन्हा पुढे आणला. दिसला. मग त्या गाडीला वळसा घालून डाव्या बाजूनं आल्या, तिकडचं दार उघडून आत वाकल्या आणि तिकडूनही तसंच केलं. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. त्याआधी वर्षभर त्या चुलीजवळच्या मांजराला सून समजून बोलत होत्या आणि घरात कोणाला कळलं नव्हतं.

"याले नाई दिसत," त्या साळ्याला म्हणाल्या. "इथून इथवर हा माणूस रिकामा हाय."

साळा पुढे आला. त्यानंही नारळ घेतला, कानाशी धरला, हळूहळू पुढे आणला. मी सांगेपर्यंत तो जवळजवळ माझ्या नाकाशी आला होता. साळ्याचा हात खाली आला.

"मंग तो वाघ?"

"मी पाहिलाच नव्हता. फोनवर सांगितलं मी."

"आन् तुमी आमाले घेऊन..." तो पिकअपच्या पायरीवर बसला. वहिनी म्हणाल्या, "मी तवा देवाचं नाव घेऊन राह्यली होती. मले वाटलं, हे सांभाळून राह्यले."

थोड्या वेळानं साळ्याला दुसरी गोष्ट सुचली. त्यानं आपल्या चुलतभावाकडे पाहिलं, मग वऱ्हाडाच्या गाडीवाल्यांकडे. "आन् मी तुमाले हे शिकवलं," तो म्हणाला. तिन्ही चालकांनी त्या क्षणी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे पाहिलं. सगळ्यांच्या माना एकदम फिरल्या. बऱ्याच दिवसांनी जाग्या झाल्यासारख्या.

"भाऊजी, उतरा," साळा म्हणाला. मी उतरलो. सासूबाईंनी दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकला आणि सायीचा चहा दिला. तो थंड होता. मी पूर्ण प्यायलो.

आता नवरीची गाडी कोण चालवणार, हा प्रश्न उरला. साळा पिकअपच्या पायरीवरून उठेना. चुलतभाऊ म्हणाला, मला आता समोर पाहायचीच भीती वाटते. तेवढ्यात नवरी शालू सावरत बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

"किल्ली द्या मले."

"तू नवरी हाय," वहिनी म्हणाल्या.

"मी रोज चंद्रपूरच्या ट्रकांमधून ऑफिसले जातो. ड्रायव्हिंग क्लासच्या बाईनं आरसा पाहाले शिकवलं, बाबानं नाई." तिनं कपाळावरच्या मुंडावळ्या वर उचलून केसांत पिन मारून बसवल्या, कारण त्या डोळ्यांवर लोंबत होत्या. "फुफाजी, तुमी बाजूले बसा. आत्या, खुर्ची उचल."

बायकोनं खुर्ची उचलली.

रस्त्यात लोक पाहत होते. नवरीच गाडी चालवते आहे, शेजारी दुपट्टा घातलेला माणूस मान गरगर फिरवतो आहे, असं काही त्यांनी पाहिलं नसणार. मी डॉक्टरबाईंनी सांगितल्यासारखं करत होतो. डावं, उजवं, पुन्हा डावं. मान दुखायला लागली. या रस्त्यानं मी कितीदा गेलो, पण चामोर्शीच्या पुढे एवढं मोठं तळं आहे हे मला माहीत नव्हतं. मी तसं म्हटलं तर मागून सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, ते माह्या लग्नाच्या आधीपासून हाय."

आष्टीच्या पुढे एका फाट्यावर नवरीनं गाडी थांबवली. "फुफाजी, तुमच्या बाजूनं कोणी येते का पाहा."

मी मान वळवली, मग खांदाही वळवला, आणि शेवटपर्यंत पाहिलं. एक म्हातारा सायकलवर बांबूचा भारा आडवा बांधून येत होता, आपल्याच तालात.

"थांब. एक सायकलवाला आहे."

म्हातारा आमच्यासमोरून गेला. बांबूची टोकं बोनटच्या अगदी जवळून गेली. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही.

"आता कोणी नाही. जा."

नवरीनं गियर टाकला, पण गाडी काढली नाही. ती पुढे वाकली, माझ्या नाकापलीकडून स्वतः एकदा डावीकडे नीट पाहिलं, आणि मगच निघाली. माझ्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला नाही, याचं मला इतकं बरं वाटलं, की मी सीटला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. आलापल्ली कधी गेली ते मला ठाऊक नाही. जाग आली तेव्हा अहेरीत बँड वाजत होता, आणि गाडीतले सगळे जसेच्या तसे होते.